वेबसाइटचा खडू कोणाच्या हातात?

अमळनेरकडचे एक सराफ आहेत, सगळे त्यांना नाना म्हणतात. त्यांनी मोठ्या हौसेने वेबसाइट करून घेतली होती. पहिल्याच पानावर ठळक चौकट, ‘आजचा सोन्याचा भाव’. मी ती उघडली तेव्हा आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, चार दिवसांवर आली होती आणि चौकटीतला भाव दिवाळीचा होता. एका गिऱ्हाइकाने मोबाइल पुढे धरून ‘तुम्हीच लिहिलंय, याच भावाने द्या’ म्हणत वाद घातला, तेव्हा नानांना ते कळलं. साइट बनवणाऱ्या पोराला फोन लावला, तर तो नाशिकला नोकरीला लागलेला. मग मला बोलावणं आलं. चहा यायच्या आधीच नानांनी विचारलं, “भो, हाऊ भाव रोज बदली कोन?” म्हणजे, हा भाव रोज बदलणार कोण?

वेबसाइट बनवण्याच्या धंद्यात मला बरीच वर्षं झाली. कुठलं सीएमएस घ्यावं यावर तासन्‌तास चर्चा ऐकल्या आहेत, पण इतका नेमका प्रश्न कुणी विचारल्याचं आठवत नाही.

आधी सीएमएस म्हणजे काय ते पाहू. कंटेंट मॅनेजमेंट सिस्टीमचं हे लघुरूप. बाजार समितीच्या आवारातला भावफलक डोळ्यांसमोर आणा. पेंटरने ऑइल पेंटने रकाने एकदाच आखून दिलेले असतात: शेतमाल, आवक, किमान दर, कमाल दर, सर्वसाधारण दर. आकडे मात्र खडूचे. कपाशीचा, दादर ज्वारीचा, हरभऱ्याचा आकडा रोज पुसायचा आणि नवा लिहायचा. त्यासाठी पेंटरला बोलवावं लागत नाही, समितीचा माणूसच लिहितो.

सुरुवातीच्या काळातल्या वेबसाइटवर रकाने आणि आकडे दोन्ही ऑइल पेंटचे होते. फोन नंबर बदलायचा तरी एचटीएमएल, म्हणजे वेबपानं लिहायची भाषा, येणाऱ्या माणसाला गाठा. सीएमएसने या दोन गोष्टी वेगळ्या केल्या. मजकूर डेटाबेसमध्ये राहतो, म्हणजे दुकानाच्या खतावणीसारखा. मांडणी वेगळी राहते, तिला थीम म्हणतात. वाचकाने पान उघडलं की सॉफ्टवेअर खतावणीतून मजकूर काढतं, थीमच्या साच्यात बसवतं आणि त्याच्या मोबाइलवर पाठवतं. मालकाला मिळतो एक लॉगिन आणि मागचा दरवाजा. तिथे जाऊन लिहायचं, फोटो लावायचा, ‘प्रकाशित करा’ दाबायचं. हातात खडू आला.

बाजारात अशी शेकडो सॉफ्टवेअर आहेत आणि प्रत्येकाचा भक्त आपलंच श्रेष्ठ म्हणतो. मी गिऱ्हाइकाला सॉफ्टवेअरचं नावच घेऊ देत नाही. आधी विचारतो: काय बदलणार, किती वेळा बदलणार, कोण बदलणार आणि तो माणूस ते कॉम्प्युटरवर करणार की मोबाइलवर? चौथ्या प्रश्नाचं उत्तर आमच्याकडे नव्वद टक्के वेळा ‘मोबाइलवर’ असतं. त्याने अर्धे पर्याय तिथेच गळतात.

रावेरकडचे एक केळी व्यापारी आले होते. त्यांना ‘मोठ्या कंपनीसारखी’ साइट हवी होती. विचारत गेलो तसं लक्षात आलं, की बदलण्यासारखं काहीच नाही. बागेचे आणि पॅकिंगचे फोटो, माल कोणत्या महिन्यांत निघतो, जळगावच्या केळीला २०१६ मध्ये मिळालेल्या भौगोलिक मानांकनाविषयी चार ओळी, पत्ता, फोन. भाव रोज बदलतो, पण तो फोनवर ठरतो. ट्रकभर केळी कुणी वेबसाइटच्या टोपलीत टाकून पैसे भरत नाही. त्यांना मी सीएमएस दिलंच नाही. एक साधं तयार पान करून दिलं, ज्याच्या मागे डेटाबेस नाही, लॉगिन नाही, त्यामुळे कुलूप तोडून आत शिरायला दरवाजाही नाही. ते झटकन उघडतं आणि वर्षानुवर्षं हात लावावा लागत नाही. माझं बिल कमी झालं हे खरं. पण माझ्याकडे येणाऱ्यांपैकी निम्म्या लोकांना सीएमएस लागतच नाही, असं माझं मत आहे.

याउलट शाळा-कॉलेज. सूचना, निकाल, प्रवेशाच्या तारखा, स्नेहसंमेलनाचे फोटो. लिहिणारे क्लार्क, तपासणारे मुख्याध्यापक, मध्येच एखादे उत्साही सर. इथे सीएमएस हवंच, आणि प्रत्येकाला वेगळे अधिकार देता येणारं हवं. क्लार्कने लिहावं, पण प्रसिद्ध मुख्याध्यापकांनीच करावं. अशा ठिकाणी मी बहुतेक वेळा वर्डप्रेसच सुचवतो.

वर्डप्रेस २००३ साली आलं. बी२ नावाचं एक जुनं सॉफ्टवेअर बंद पडत चाललं होतं, ते मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल या दोघांनी पुढे चालवायला घेतलं, तीच ही सुरुवात. आज जगातल्या दहातल्या चार वेबसाइट त्यावर चालतात. सॉफ्टवेअर फुकट आहे, कोड सगळ्यांसाठी खुला आहे आणि मागचा दरवाजा मराठीतही मिळतो. माझ्या दृष्टीने त्याचा मोठा फायदा फार साधा आहे: मी उद्या धंदा सोडला तरी ते येणारा माणूस जळगावात सापडेल, धुळ्यात सापडेल, शहाद्यातही सापडेल. गावात ज्या ट्रॅक्टरचा मेकॅनिक आहे तो ट्रॅक्टर घ्यावा, तसं हे.

इथे एक घोळ हमखास होतो. वर्डप्रेस नावाच्या दोन गोष्टी आहेत. एक ते फुकटचं सॉफ्टवेअर, जे तुम्ही कुठल्याही होस्टिंगवर, म्हणजे भाड्याच्या सर्व्हरवर बसवू शकता. दुसरी वर्डप्रेस डॉट कॉम ही सेवा. ती मुलेनवेग यांच्याच ऑटोमॅटिक कंपनीची आहे. तिथे देखभाल ते करतात आणि दरमहा पैसे घेतात. फुकटच्या योजनेत बरंच काही करता येत नाही. कोटेशन देणारा यांपैकी काय देतोय ते स्पष्ट विचारून घ्या.

वर्डप्रेसची दुसरी बाजू म्हणजे प्लगिन. मूळ सॉफ्टवेअर सुटसुटीत आहे. फॉर्म हवा, गॅलरी हवी, दुकान हवं की त्याचं प्लगिन जोडायचं. पन्नास हजारांहून जास्त प्लगिन फुकट मिळतात, त्यामुळे हात आवरत नाही. धुळे जिल्ह्यातल्या एका शाळेने मला दाखवलं, गूगलवर शाळेचं नाव टाकलं की खाली जपानी अक्षरं दिसत होती. कुणीतरी आत शिरून शाळेच्या पत्त्यावर शेकडो जपानी जाहिरातींची पानं तयार करून ठेवली होती. शाळेची साइट उघडली तर सगळं ठीकठाक, म्हणून महिनोन्‌महिने कुणाला पत्ता नव्हता. फटीचं कारण निघालं फोटो सरकवणारं एक प्लगिन. तीन वर्षं त्याला कुणी अपडेट केलं नव्हतं.

आमच्या भागात ठिबक सगळ्यांना माहीत आहे. ठिबक एकदा बसवलं की विसरलं, असं होत नाही. सँड फिल्टर उलट्या पाण्याने धुवायचा, नळ्यांची टोकं उघडून गाळ सोडायचा, क्षार साचले की अॅसिड सोडायचं. वर्डप्रेसचं तसंच आहे. छोटी सुरक्षा अपडेट २०१३ पासून आपोआप बसतात, पण प्लगिन आणि थीमकडे महिन्यातून एकदा तरी बघावं लागतं. नवीन प्लगिन घेण्याआधी ते शेवटचं कधी अपडेट झालं ती तारीख पाहा. दोन वर्षांपूर्वीची असेल तर सोडून द्या. आणि साइटची एक प्रत, म्हणजे बॅकअप, त्याच सर्व्हरवर ठेवू नका. घराची दुसरी किल्ली घरातच ठेवून काय उपयोग?

जूमला आणि ड्रुपल ही दोन नावं तुमच्या कानावर येतील. जूमला २००५ चं. त्याचं नाव स्वाहिली भाषेतल्या ‘जुमला’ या शब्दावरून घेतलंय, अर्थ ‘सगळे मिळून’. आपल्याकडे निवडणुकीच्या काळात त्या शब्दाला वेगळाच वास येतो, म्हणून गिऱ्हाइकं नाव ऐकूनच हसतात. सॉफ्टवेअर वाईट नाही, पण ते जाणणारी माणसं आमच्याकडे कमी होत चालली आहेत. ड्रुपल हे बेल्जियमच्या ड्रीस बायटार्ट यांचं, २००१ चं. भक्कम आहे आणि मोठ्या संस्थांना, गुंतागुंतीच्या माहितीला शोभतं. मात्र त्याला पगारी माणूस लागतो. ड्रुपल ७ या आवृत्तीचा आधार, म्हणजे तिची अधिकृत सुरक्षा अपडेट, ५ जानेवारी २०२५ ला संपला, आणि तिथून पुढच्या आवृत्तीवर जाणं म्हणजे जवळपास नवीन बांधकाम. दहा जणांच्या पतसंस्थेने या वाटेला जाऊ नये.

दुकान चालवायचं असेल तर हिशेब बदलतो. चाळीसगावच्या बाजूला बचत गटातल्या ताई बिबडे (ज्वारीचे पापड), उडदाचे पापड आणि कळण्याचं पीठ विकतात. पुण्या-मुंबईतल्या खानदेशी लोकांकडून ऑर्डर येतात. त्यांच्यासमोर दोन रस्ते होते. एक वर्डप्रेसवर वूकॉमर्स हे प्लगिन. ते फुकट आहे, पण होस्टिंग, पैसे घेण्याची सोय आणि कुरिअरची जोडणी हे सगळं आपण उभं करायचं. दुसरा शॉपिफाय. टोबियास ल्युटके नावाच्या माणसाला कॅनडात बर्फावर घसरायच्या फळ्या ऑनलाइन विकायच्या होत्या, मनासारखं सॉफ्टवेअर मिळेना म्हणून त्याने स्वतःच लिहिलं, त्यातून २००६ मध्ये शॉपिफाय निघालं. तिथे सगळं तयार मिळतं, त्याचं दरमहा भाडं. बाहेरचा पेमेंट गेटवे, म्हणजे ऑनलाइन पैसे घेण्याची सोय, जोडला तर विक्रीवर वेगळी टक्केवारीही जाते.

ताईंनी मला उलटा प्रश्न केला, “दादा, पावसाळ्यात पापड होत नाहीत. तेव्हाही भाडं भरायचं का?” भरायचं. पाच महिन्यांच्या धंद्याला बारा महिन्यांचं भाडं त्यांना परवडेना. शेवटी वर्डप्रेसवर मालाची यादी, फोटो आणि किमती टाकल्या, ऑर्डर व्हॉट्सअॅपवर. वूकॉमर्स नंतर कधीही जोडता येईल. रोज पन्नास पार्सल जात असती तर मी त्यांना शॉपिफायच सांगितलं असतं, कारण मग रात्री साइट बंद पडण्याची धास्ती भाड्यापेक्षा महाग पडते.

कविता, लेख, गावाच्या आठवणी लिहिणाऱ्या एकट्या माणसाला यांतलं काहीच नको. अहिराणीत लिहिणाऱ्या एका निवृत्त गुरुजींना मी ब्लॉगर उघडून दिलं. १९९९ पासून चालू आहे, २००३ पासून गूगलचं आहे, फुकट आहे. दिसायला जुनाट, पण गुरुजींना दिसण्याशी कर्तव्य नव्हतं.

एक वेगळी जात म्हणजे संग्रह. धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ आहे, समर्थ वाग्देवता मंदिर आहे. जुने कागद आणि हस्तलिखितं हे त्यांचं धन. असा ठेवा ऑनलाइन मांडायचा असेल तर वर्डप्रेसची गॅलरी कामाची नाही. प्रत्येक कागदाचा काळ, लेखक, लिपी, आकार वेगवेगळ्या रकान्यांत नोंदवून शोधता आला पाहिजे. त्यासाठी डीस्पेससारखी खास सॉफ्टवेअर असतात. देशभरातले पीएच.डी. प्रबंध ठेवणारं शोधगंगा डीस्पेसवरच चालतं. ग्रंथालयाच्या पुस्तकांसाठी कोहा आहे. दोन्ही फुकट आणि खुली आहेत.

सरकारी साइटचं तर ठरलेलंच आहे. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांच्या सरकारी साइट शेजारी शेजारी उघडा, एकाच साच्यातल्या दिसतील. एनआयसीने, म्हणजे केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने, सरकारी कार्यालयांसाठी बनवलेल्या एस३वास या व्यवस्थेवर त्या आहेत. तिथे निवडीचा प्रश्नच येत नाही.

आता देवनागरीकडे येतो, कारण पुण्या-मुंबईचा इंग्रजी डेमो पाहून भुललेले लोक इथेच अडकतात. कोणतंही सीएमएस पसंत करण्याआधी त्यात तुमचा स्वतःचा मराठी मजकूर टाकून पाहा. पहिली अडचण जुन्या फॉण्टची. पत्रिका छापणाऱ्यांकडचा, संस्थेच्या कार्यालयातला मजकूर अजून श्रीलिपी किंवा शिवाजी फॉण्टमध्ये असतो. तो साइटवर चिकटवला की इंग्रजी अक्षरांचा भुसा दिसतो. कुठलंही सीएमएस घेतलं तरी आधी तो युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या मोबाइल-कॉम्प्युटरवर सारख्याच वाचल्या जाणाऱ्या अक्षरांत, बदलून घ्यावाच लागतो. रूपांतर करणारी साधनं आहेत, पण नंतर डोळ्यांनी तपासणं चुकत नाही. ‘दुसऱ्या’, ‘सुऱ्या’ यांतला ऱ्य हमखास बिघडतो.

मग थीमचा फॉण्ट. डेमोत इंग्रजी अक्षरं देखणी दिसतात, पण त्या फॉण्टमध्ये देवनागरी नसतंच. मग मोबाइल स्वतःजवळचा कुठला तरी फॉण्ट लावतो. मुक्ता, बलू, नोटो सान्स देवनागरी यांपैकी एखादा थीममध्ये बसवता येतो का ते विचारा. ओळींमधलं अंतर कमी असलं तर वेलांट्या आणि उकार छाटले जातात. आणि मथळ्यातली अक्षरं लांब लांब करण्याची इंग्रजीतली फॅशन मराठीला लावली की शिरोरेषा तुटते. दात पडल्यासारखा मथळा दिसतो. नामांकित डिझायनरांच्या कामातही मी हे पाहिलंय.

पत्त्याची म्हणजे लिंकची गंमत वेगळी. लिंकमध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह नऊ इंग्रजी चिन्हांत बदलून साठवलं जातं आणि वर्डप्रेसमध्ये मथळ्यातून होणाऱ्या लिंकची मर्यादा आहे २०० चिन्हांची. म्हणजे काना-मात्रा वेगळे मोजून साधारण २२ चिन्हांत गाडी थांबते. ‘खानदेशातील केळी उत्पादकांसाठी योजना’ असा मथळा दिला तर लिंक ‘उत्पादका’पाशी तुटते. पान उघडतं, पण व्हॉट्सअॅपवर पाठवताना ती लिंक म्हणजे टक्क्याच्या चिन्हांची लांबलचक माळ होते. त्यामुळे लिंक मी हाताने लिहितो, छोटी आणि रोमन अक्षरांत. साइटचं नाव मात्र हौसेने देवनागरीत घेता येतं. डॉट भारत २०१४ पासून मिळतं.

फोटोंचंही पाहा. मोबाइलचा एकेक फोटो चार-पाच एमबीचा. धडगाव, अक्कलकुव्याच्या वरच्या पाड्यांवर सिग्नल टेकडीवर चढून शोधावा लागतो, तिथे असे आठ फोटो असलेलं पान उघडणारच नाही. वर्डप्रेस अवाढव्य फोटो २०१९ पासून स्वतःहून लहान करतं, तरी टाकण्याआधी आपण आकार कमी केलेला बरा.

एवढं सगळं जमलं तरी एक गोष्ट पुष्कळ जण विसरतात: किल्ल्या. डोमेन म्हणजे साइटचं नाव कोणाच्या ईमेलवर नोंदलंय? होस्टिंग कोणाच्या खात्यावर आहे? एका शिक्षणसंस्थेची साइट बाहेरच्या एका कंपनीने ‘स्वतःचं खास सीएमएस’ म्हणून बनवली होती. कंपनी बंद पडली. नाव त्यांच्याकडे, पासवर्ड त्यांच्याकडे, कोड दुसऱ्या कुणाला कळेना. संस्थेला नवीन नाव घेऊन पहिल्यापासून सुरुवात करावी लागली, लेटरहेडसकट. ‘आम्ही आमचं स्वतःचं सीएमएस देतो’ असं कुणी म्हटलं की मी गिऱ्हाइकाला नमस्कार करून उठायला सांगतो. याला अपवाद असतील. मला अजून भेटलेला नाही.

मोठ्या कंपन्यांचंही फुकट कायमचं नसतं. गूगल दुकानांच्या प्रोफाइलवरून फुकट वेबसाइट बनवून द्यायचं. आमच्या बाजारपेठेतल्या कितीतरी दुकानांनी ती केली, फलकांवर पत्ता रंगवून घेतला. मार्च २०२४ मध्ये गूगलने त्या सगळ्या बंद केल्या. प्रोफाइल राहिलं, साइट गेली. त्यामुळे सामान आवरून निघायची वेळ आली तर मजकूर बाहेर कसा काढायचा, हे आत शिरतानाच विचारा. वर्डप्रेस आणि ब्लॉगर मजकुराची फाइल काढून देतात. विक्ससारख्या सेवांवर झटपट सुंदर पान होतं, पण पूर्ण साइट उचलून दुसरीकडे नेता येत नाही. वर्डप्रेसमध्येसुद्धा पान सजवायची काही प्लगिन अशी आहेत, की ती काढली की मजकुरात जागोजाग चौकटी कंसांचा कचरा उरतो.

पैशांचं थोडक्यात. डॉट इन नावाला वर्षाला साधारण हजाराच्या आत, साध्या होस्टिंगला काही हजार. पहिल्या वर्षाचा स्वस्त दर पाहून उडी मारू नका. दुसऱ्या वर्षीचं बिल दुप्पट-तिप्पट येतं, तो आकडा आधी बघा. आणि देखभालीचे पैसे बाजूला काढा.

अंतिम निवडीसाठी माझी एकच परीक्षा असते. साइट जो चालवणार आहे त्याच्या हातात त्याचाच मोबाइल द्यायचा आणि सांगायचं, एक फोटो आणि चार ओळी टाक. मी शेजारी गप्प बसतो. पंधरा मिनिटांत जमलं तर ते सीएमएस बरोबर. नाही जमलं तर त्यात कितीही सोयी असोत, सहा महिन्यांत त्या साइटवर धूळ बसणार.

नानांच्या दुकानात ही परीक्षा त्यांच्या सूनबाईंनी दिली. गल्ल्याचा हिशेब त्याच बघतात. वर्डप्रेसमध्ये त्यांच्यासाठी मी एकच रकाना उघडा ठेवला, त्यात फक्त आकडा टाकायचा. तारीख आणि वेळ भावाखाली आपोआप उमटते. आणि ज्या दिवशी कुणी आकडाच टाकणार नाही, त्या दिवशी जुना भाव दिसण्याऐवजी चौकटीत दुकानाचा फोन नंबर येतो. ही शेवटची युक्ती सूनबाईंनीच सुचवली.

गेल्या पोळ्याला दुकान बंद होतं. दुपारी सहज साइट उघडून पाहिली. चौकटीत फोन नंबर होता.